लग्नाआधीच्या तपासणीत हर्पिस आयजीएम पॉझिटिव्ह, अंगावर फोड एकही नाही. आता काय करायचं?

कोथरूडकर_२९

लग्नाआधी दोघांचंही रक्त तपासलं. एचआयव्ही, व्हीडीआरएल, हिपॅटायटिस बी, थॅलेसेमिया सगळं नीट आहे. पण लॅबच्या पॅकेजमध्ये 'टॉर्च' पॅनेलही (हर्पिससह काही संसर्गांच्या रक्तचाचण्यांचा संच) होतं आणि घोळ तिथे झालाय. रिपोर्ट माझा, वय २९ (एचएसव्ही म्हणजे हर्पिसचा विषाणू):

एचएसव्ही १+२ आयजीएम: १.३२ (१.१ च्या वर पॉझिटिव्ह)
एचएसव्ही १+२ आयजीजी: ८.४, पॉझिटिव्ह
नंतर वेगळी केलेली: एचएसव्ही १ आयजीजी पॉझिटिव्ह, एचएसव्ही २ आयजीजी १.६ (पॉझिटिव्ह)

आजवर खाली कधी फोड, जखम, काही नाही. होणाऱ्या नवऱ्याला मात्र वर्षातून एकदोनदा, ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पुरळ येतं. त्याने तपासणी केलेली नाही.

१) याचा अर्थ मला जननेंद्रियाचा हर्पिस आहे असा होतो का? आयजीएम आलंय म्हणजे लागण नवी आहे का?
२) खात्रीची तपासणी कोणती, आणि पुण्यात ती मागायची कशी?
३) पसरतो कसा? घरात एकाच ताटात खाणं, टॉवेल, कमोड, सगळ्याबद्दल सगळे वेगवेगळं सांगतायत.

कृपया 'घाबरू नका' एवढंच लिहू नका. नेमकं सांगा.

सूक्ष्मदर्शी

रिपोर्टमधल्या ओळी एकेक करून घेऊ.

आयजीएमवर काट मारा. आयजीएम आणि आयजीजी ही रक्तातली प्रतिपिंडं, विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं. पुस्तकात आयजीएम म्हणजे ताजी लागण, आयजीजी म्हणजे जुनी असं शिकवतात, पण हर्पिसला ते लागू पडत नाही. विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि अधूनमधून वर येतो. तो वर आला की वीस वर्षं जुन्या लागणीतही आयजीएम पुन्हा दिसू शकतं. शिवाय ते एचएसव्ही १ (बहुधा ओठावरचा) आणि २ (बहुधा जननेंद्रियाचा) यांतला फरक ओळखत नाही आणि कांजिण्यांसारख्या भावकीतल्या विषाणूंमुळेही चुकून चढतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ही चाचणी वापरू नये असं स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे टॉर्च पॅनेलमधून ती सुटी निघत नाही, म्हणून होत राहते इतकंच.

'१+२ आयजीजी' ही मिसळ आहे. कुठल्या प्रकाराची प्रतिपिंडं आहेत ते त्यातून कळत नाही. एकट्या एचएसव्ही १ मुळेही ती ८.४ येईल, ८४ येईल. आकडा मोठा म्हणून आजार मोठा असंही नाही.

एचएसव्ही १ आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तुम्ही बहुसंख्यांत आलात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जगातल्या सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे ६४ टक्के लोकांना, हा प्रकार असतो. बहुतेकांना तो लहानपणी घरातल्याच कुणाच्या तरी लाडातून मिळतो. तो तुमच्या शरीरात कुठे आहे, ओठाच्या बाजूला की खाली, हे रक्तावरून कुणीही सांगू शकत नाही. आणि ही चाचणी उलट बाजूनेही चुकते: लागण असलेल्या दहांतल्या तिघांना ती निगेटिव्ह दाखवते. नवऱ्याची निगेटिव्ह आली तर त्यावर विसंबू नका, त्याचा ओठ जास्त खरं बोलतोय.

आता कळीची ओळ: एचएसव्ही २, १.६. हा आकडा विषाणूचं प्रमाण नव्हे. यंत्राने मोजलेला संकेत भागिले कट-ऑफचा संकेत, एवढंच ते गुणोत्तर. १.१ ते ३ हा पट्टा बेभरवशाचा असतो. अमेरिकेत नेहमीच्या वापरातल्या एका एलायझा (प्रतिपिंडं मोजायची एक पद्धत) किटला वेस्टर्न ब्लॉट या जास्त खात्रीच्या रक्तचाचणीशी ताडून पाहिलं तेव्हा १.१ ते २.९ या पट्ट्यात विशिष्टता निघाली ३९.८ टक्के, आणि ३ व त्यापुढे ७८.६ टक्के. विशिष्टता म्हणजे ज्यांना लागण नाही त्यांना 'नाही' म्हणण्याची ताकद. ज्यांना एचएसव्ही १ आहे (म्हणजे तुम्हाला) त्यांच्यात असा खोटा, कमी आकड्याचा पॉझिटिव्ह येण्याचा संभव आणखी वाढतो.

किट चांगलं असलं तरी हिशेब कसा फिरतो पाहा. समजा १०० जणांत ५ जणांना खरंच एचएसव्ही २ आहे. चाचणी त्या पाचही जणांना पकडते आणि निरोगी ९५ जणांत फक्त ५ टक्के वेळा चुकते. म्हणजे जवळपास ५ खोटे पॉझिटिव्ह. एकूण दहा जणांच्या हातात 'पॉझिटिव्ह'चा कागद, त्यातले निम्मे निरोगी. लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नका असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१६ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं, ते यासाठीच.

तेव्हा १.६ वरून 'आहे' म्हणता येत नाही, 'नाही'ही म्हणता येत नाही. शेवटच्या संभाव्य संपर्कापासून १२ आठवडे झाल्यावर फक्त 'एचएसव्ही २ टाइप-स्पेसिफिक आयजीजी' पुन्हा करा, आणि वेगळ्या पद्धतीने. पहिली एलायझा असेल तर दुसऱ्या लॅबमध्ये केमिल्युमिनेसन्स (क्लिया), किंवा उलट. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते, ती बघून मगच लॅब निवडा. तेच किट, तेच यंत्र, तीच चूक पुन्हा छापून येईल. कसोटीची चाचणी वेस्टर्न ब्लॉट, सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते ती. आपल्याकडच्या रोजच्या लॅबच्या यादीत ती नसते.

पण हे सगळं रक्ताचं झालं. खात्रीची तपासणी फोडाची, आणि ती फोड असतानाच होते. त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण पुण्यातल्या चांगल्या लॅबमध्येही ती काउंटरवर बिघडते.

मागायचं असं: 'फोडाच्या स्वॅबमधून एचएसव्ही १ आणि २ पीसीआर (विषाणूचं जनुकद्रव्य शोधणारी चाचणी), टायपिंगसह.' डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'स्वॅब' आणि 'लीजन' (म्हणजे फोड किंवा जखम) हे शब्द हवेतच. नुसतं 'एचएसव्ही पीसीआर' लिहिलं की काउंटरवरचा मुलगा जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घेतो. त्वचेवरच्या हर्पिसमध्ये विषाणू सहसा रक्तात नसतो. रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस निश्चिंत होतो.

वेळ: फोड आल्यापासून ४८ तासांत, फार तर ७२. खपली धरली की हाती काही लागत नाही. पाणी असलेला ताजा फोड निवडायचा, निर्जंतुक सुईने त्याचं टोपण उघडायचं आणि स्वॅब तळाशी, त्या लालसर बुडावर, जोर देऊन फिरवायचा. दुखतं. दुखलं नाही तर बहुतेक नीट घेतलेला नाही. विषाणू पेशींत असतो, नुसतं वरचं पाणी टिपून पुरेशा पेशी येत नाहीत. स्वॅब पॉलिस्टरचा किंवा फ्लॉक्ड नायलॉनचा, प्लॅस्टिकच्या काडीचा. लाकडी काडीचा कापूस नको, पीसीआरमध्ये अडथळा येतो. नळी व्हीटीएमची (विषाणूचा नमुना नेण्याच्या द्रावणाची), कोविडच्या काळात सगळ्यांनी पाहिलेली ती गुलाबी पाण्याची. जेल भरलेली नळी जंतूंच्या कल्चरसाठी असते, ती पुढे केली तर घेऊ नका. नमुना २ ते ८ अंशांवर, बर्फाच्या पॅकवर जायला हवा. स्वॅबआधी त्या जागी मलम, हळद, डेटॉल काही नको.

पीसीआर पॉझिटिव्ह आली तर विषय संपला, प्रकारही कळला. निगेटिव्ह आली आणि नमुना तिसऱ्या दिवसानंतरचा असेल, तर तो निकाल धरायचा नाही.

बाजीराव_रोड

ही नागीणच ना? तोंड आणि शेपूट जुळायच्या आत लेप लावतात ती. आमच्या भागात त्यावर औषध देणारे आहेत. पत्ता हवा असेल तर सांगा.

त्वचा_ओपीडी

@बाजीराव_रोड, नागीण वेगळी. तिला हर्पिस झोस्टर म्हणतात, नावातला 'हर्पिस' तेवढा सामाईक. ती कांजिण्यांच्या विषाणूची, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच. तोंड-शेपूट जुळत नाही, कारण पट्टा एका बाजूच्या मज्जातंतूच्या हद्दीत राहतो आणि मधली रेषा सहसा ओलांडत नाही. लेपाने ती बरी होते असं वाटतं, कारण दोनतीन आठवड्यांत ती तशीही बरी होते. पत्ता नको.

मूळ प्रश्नावर. लक्षणं माहीत असतील तर पुढे फोड आला तर ओळखता येईल, म्हणून.

लागण झाल्यापासून २ ते १२ दिवसांत, सरासरी चौथ्या दिवशी, पहिला झटका येतो. येतोच असं नाही. बहुतेकांना काहीच कळत नाही किंवा इतकं किरकोळ होतं की घामोळं, ब्लेड लागलं, पॅडने घासलं असं समजून सोडून दिलं जातं. पण पहिला झटका जोरात आला तर ताप, अंगदुखी, जांघेत दोन्हीकडे अवधाण, आणि लाल जागेवर खसखशीपासून साबुदाण्याएवढे पाणीदार फोड, घोळक्याने. ओल्या जागी टोपण तासाभरातही निघतं, म्हणून बायकांमध्ये फोड दिसायच्या आतच उथळ, झोंबणाऱ्या जखमा दिसतात. पूर्ण भरायला २ ते ४ आठवडे.

बायकांमध्ये चूक कुठे होते ते सांगतो. लघवीला आग होते, घरी उन्हाळी लागली म्हणतात, धनेजिऱ्याचं पाणी चालू होतं. मग लघवीच्या संसर्गाची अँटिबायोटिक, आणि कल्चर निगेटिव्ह. साधा फरक असा: मूत्रमार्गाच्या संसर्गात आग आत होते आणि सारखं जावंसं वाटतं, हर्पिसमध्ये लघवी बाहेर जखमेला लागली की झोंबतं. अशा वेळी कोमट पाण्याच्या टबात बसून लघवी केली किंवा करताना वरून पाणी ओतलं तर झोंबत नाही. लघवी तुंबलीच तर मात्र घरी थांबायचं नाही. कमरेच्या खालच्या मज्जातंतूंना सूज येऊन ती अडू शकते, तिथे कॅथेटर लागतो.

पुन्हा येणारे झटके हलके असतात. आधी काही तास ते एकदोन दिवस मुंग्या, चुणचुण, कुल्ल्यातून मांडीच्या मागे कळ. मग जवळपास त्याच जागी दोनचार फोड, ५ ते १० दिवसांत साफ. एचएसव्ही २ पहिल्या वर्षात चारपाच वेळा उलटू शकतो, नंतर कमी होत जातो. खाली झालेला एचएसव्ही १ त्या मानाने आळशी, पहिल्या वर्षानंतर बहुतेकांना क्वचितच दिसतो. प्रकार कळण्याचा व्यवहारातला उपयोग हाच.

आता हर्पिस नसताना हर्पिस ठरतं ते. आपल्याकडे यात पहिला नंबर औषधाच्या ठराविक डागाचा, फिक्स्ड ड्रग इरप्शन. जुलाबाची, दुखण्याची किंवा लघवीच्या संसर्गाची गोळी घेतली की पुरुषाच्या लिंगाच्या टोकावर दरवेळी त्याच जागी लालसर-जांभळा चट्टा, कधी फोड, आणि बरा झाला की काळा डाग. पुन्हापुन्हा त्याच जागी येतं म्हणून हर्पिसचा शिक्का बसतो. काळा डाग राहिला तर आधीच्या दोन दिवसांत कोणती गोळी घेतली ते आठवा. हर्पिस सहसा असा काळा डाग ठेवत नाही.

गरमी, म्हणजे सिफिलिस: बहुधा एकच जखम, कडा कडक, आणि न दुखणारी. हर्पिस बहुतेक वेळा दुखतो. न दुखणारी जखम जास्त काळजीची हे लोकांना उलटं वाटतं. तिथे व्हीडीआरएल सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते, दोन-चार आठवड्यांनी परत करावी लागते.

तोंड येणं वेगळं. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, ओठाच्या आतल्या मऊ भागावर पांढरट व्रण म्हणजे साधं तोंड आलंय. उलटणारा हर्पिस ओठाच्या बाहेरच्या कडेला, किंवा तोंडात असलाच तर टाळूच्या कडक भागावर आणि हिरड्यांवर येतो. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत चिरा पडणं हाही हर्पिस नव्हे.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते केमिस्टकडचं चार औषधं एकत्र केलेलं मलम: स्टिरॉइड, बुरशीचं, जंतूंचं, सगळं एका ट्यूबमध्ये. स्टिरॉइडने लाली कमी होते, रुग्ण खूश, आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. डोळ्यात तर कधीच नाही. डोळा लाल, उजेड सहन होत नाही, ओठावर फोड आहे किंवा नुकताच होता, अशा वेळी दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून घातले तर बुबुळावरची जखम पसरते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

स्वॅबचं वर आलंच आहे. पैशांची अडचण असेल तर झँक स्मिअर हा जुना मार्ग आहे. फोडाच्या तळाचं खरवडून काचेवर पसरायचं, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी शोधायच्या. दहापंधरा मिनिटांत उत्तर मिळतं, स्वस्त. पण ती १, २ आणि नागीण यांत भेद करत नाही.

गोळ्यांचा_हिशेब

औषधांचं थोडक्यात. हे वाचून स्वतः गोळ्या सुरू करण्यासाठी नाही, चिठ्ठी बरोबर आहे का ते कळावं म्हणून. चिठ्ठीशिवाय ही औषधं मिळू नयेत.

पहिला झटका: अॅसायक्लोव्हिर ४०० मिग्रॅ दिवसातून ३ वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून २ वेळा, ७ ते १० दिवस. उलटलेला झटका: व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिग्रॅ २ वेळा, ३ दिवस, किंवा अॅसायक्लोव्हिर ८०० मिग्रॅ २ वेळा, ५ दिवस. ओठावरच्या फोडाला व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम, १२ तासांच्या अंतराने दोनदा, एकच दिवस.

काउंटरवर नेहमी होणारी गफलत: ८०० मिग्रॅ दिवसातून ५ वेळा हा डोस नागिणीचा आहे. 'हर्पिस' ऐकलं की तोच काढून दिला जातो.

वेळ फार महत्त्वाची. चुणचुण सुरू झाली त्याच दिवशी गोळी पडली तर फायदा, फोड सुकू लागल्यावर घेतली तर फक्त बिल. म्हणून ज्यांना वारंवार येतं त्यांनी डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठी लिहून घेऊन एक कोर्स घरात ठेवावा. अॅसायक्लोव्हिरचं मलम जननेंद्रियांवर फारसं काही करत नाही, पैसे गोळ्यांवर खर्च करा. भरपूर पाणी प्या. शरीरातलं पाणी कमी असेल तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात अडकू शकतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डोस कमी करावा लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.

विषाणू शरीरातून काढून टाकणारं औषध नाही. 'मुळापासून हर्पिस' असे फलक दिसतात, ते वाचून पुढे चालू लागा.

समुपदेशक_ताई

तिसरा प्रश्न राहिलाय, आणि त्यामागचा न विचारलेलाही.

पसरतो तो त्वचेला त्वचा, ओल्या भागाला ओला भाग घासून. चुंबन, संभोग, मुखमैथुन. विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, ते वाळलं की तो निकामी होतो. म्हणून कमोड, पोहण्याचा तलाव, कपडे, बसमधली दांडी यांतून होत नाही. अमृततुल्यमधल्या ग्लासाचीही भीती नको. एका ताटात खाणं, उष्टं खाणं यांतही धोका नगण्य. फक्त नवऱ्याच्या ओठावर ओला फोड असेल तेव्हा त्याचा कप, लिप बाम, ब्रश आणि रेझर वेगळे ठेवा. तालमीत मात्र होतो: अंगाला अंग घासून पैलवानांच्या मानेवर, गालावर, हातावर एचएसव्ही १ उठतो, त्याला वैद्यकात वेगळं नावही आहे. फोड आलेल्याने कोरडी खपली धरेपर्यंत कुस्ती खेळू नये.

तुमच्या बाबतीत खरा मार्ग वेगळाच आहे आणि तो कुणी विचारत नाही. होणाऱ्या नवऱ्याच्या ओठावर फोड असताना मुखमैथुन केलं तर एचएसव्ही १ खाली जाऊ शकतो. तुम्हाला एचएसव्ही १ आधीच असेल (रिपोर्ट तसं म्हणतोय) तर त्याच प्रकाराची नव्या जागी लागण होण्याचा संभव फार कमी. तरी चुणचुण सुरू झाल्यापासून खपली पडेपर्यंत चुंबन आणि मुखमैथुन बंद. फोडाला हात लागला तर साबणाने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स थुंकीने ओली करायची सवय असेल तर ती आजच सोडा.

अवघड भाग असा की फोड नसतानाही विषाणू त्वचेवर येतो. एचएसव्ही २ असलेल्यांनी रोज स्वॅब घेऊन पाहिलं तेव्हा लक्षणं असणाऱ्यांमध्ये सुमारे २० टक्के दिवशी आणि कधीच लक्षणं नसलेल्यांमध्ये सुमारे १० टक्के दिवशी तो सापडला. खालच्या एचएसव्ही १ मध्ये दुसऱ्या महिन्यात १२ टक्के, अकराव्या महिन्यात ७ टक्के. पुष्कळ लागणी अशाच, दोघांनाही पत्ता नसताना होतात.

थांबवता किती येतं? एकाला एचएसव्ही २ आणि दुसऱ्याला नाही अशा १,४८४ स्त्री-पुरुष जोडप्यांत, लागण असलेल्याने रोज ५०० मिग्रॅ व्हॅलासायक्लोव्हिर घेतलं तेव्हा ८ महिन्यांत जोडीदाराला लागण १.९ टक्के, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत ३.६ टक्के. म्हणजे जवळपास निम्मी. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. कंडोमने पुरुषाकडून स्त्रीला होणारी लागण दर संबंधामागे ९६ टक्क्यांनी आणि स्त्रीकडून पुरुषाला ६५ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१६ च्या एका विश्लेषणात निघालं. हा फरक का? कंडोम लिंग झाकतो, योनीच्या बाहेरची कातडी उघडी राहते. आणि फोड असताना संबंधच नको, कंडोम लावूनही नको.

आता न विचारलेलं. आयजीजीवरून लागण कधी झाली आणि कुणाकडून झाली, यातलं काहीही कळत नाही. पहिला फोड आज दिसला म्हणून लागण आजची नाही, ती दहा वर्षं जुनी असू शकते. ठरलेली लग्नं या एका गैरसमजावर अडतात, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी कागद हातात घेऊन 'कधीपासून?' विचारतात. कागदाला ते माहीत नाही. दोघांनी एकत्र डॉक्टरांसमोर बसावं, कागद घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये.

पुढे मूल हवं असेल तर एवढं लक्षात ठेवा: धोका जुन्या लागणीचा नाही, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा होणाऱ्या लागणीचा आहे. तेव्हा बाळाला लागण होण्याचा संभव ३० ते ५० टक्के, जुनी लागण असेल तर एक टक्क्याहून कमी. लागण माहीत असेल तर ३६ व्या आठवड्यापासून अॅसायक्लोव्हिर ४०० मिग्रॅ दिवसातून ३ वेळा देतात. कळा सुरू होताना फोड किंवा चुणचुण असेल तर सिझेरियन. आणि बारशाला येणाऱ्या प्रत्येक मावशी-आत्याला सांगा, ओठावर फोड असेल तर बाळाचा पापा नाही. नवजात बाळात हा विषाणू मेंदूपर्यंत जातो. राग आला तर येऊ दे.

पुण्यात जायचं कुठे: ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग असतो. त्याला जोडून 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे सल्ला आणि औषध मोफत, माहिती गुप्त. तिथे तपासून लक्षणांवरून रंगीत किट देतात: फोडांच्या हर्पिससाठी लाल, म्हणजे किट ५, अॅसायक्लोव्हिर ४०० मिग्रॅच्या सात दिवसांच्या गोळ्या. इतर जखमांसाठी पांढरं. तिथे पीसीआर होईल असं धरून जाऊ नका, ती बहुधा खाजगी लॅबमध्ये. फोनवर विचारायचं असेल तर १०९७, नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) मोफत हेल्पलाइन, मराठीतही बोलतात. एचएसव्ही २ असल्यास एचआयव्ही लागण्याचा संभव सुमारे तिप्पट होतो, त्यामुळे पुढे तो पक्का ठरला तर एचआयव्ही तपासणी पुन्हा करून घ्या.

कोथरूडकर_२९

खूप आभार. आयजीएमवर काट मारली. १२ आठवड्यांनी क्लियाने पुन्हा करते. आधीच्या रिपोर्टवर खाली 'एलायझा' लिहिलंय, बघितलं. दोन शंका. मधल्या काळात रोज गोळी सुरू करावी का? आणि त्याच्या ओठावर शनिवारी रात्री आलं तर स्वॅब कसा, रविवारी लॅब बंद?

सूक्ष्मदर्शी

१.६ च्या आकड्यावर रोजची गोळी नको. आधी लागण पक्की होऊ दे.

त्याच्या ओठाचा स्वॅब घ्यायची तशी गरजही नाही. ताप, कडेला घोळका, दहा दिवसांत साफ, हे बघून कुठलाही त्वचातज्ज्ञ निदान करेल. स्वॅब राखून ठेवायचा तो खाली काही आलं तर. तेव्हा शनिवारी रात्री आलं तर: उजेडात, तारीख-वेळ दिसेल असा जवळून फोटो काढा. काही लावू नका, धुणं फक्त पाण्याने. सैल सुती कपडे. रविवारी आपत्कालीन विभागात व्हीटीएमची नळी मिळाली तर तिथेच घ्या, नमुना फ्रिजमध्ये ४ अंशांवर सोमवारपर्यंत टिकतो. फ्रीजरमध्ये ठेवू नका. नळी नाही मिळाली तर सोमवारी सकाळी लॅब उघडायच्या वेळेला दारात, ३६ तासही झालेले नसतील.

त्वचा_ओपीडी

आणि फोटो जवळून काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. फोड केवढा ते बिनचूक कळतं, नाहीतर झूम करून आणलेला साबुदाणा आम्हाला लिंबाएवढा दिसतो.